लढाई संपल्यावरचं लोखंड

देवरीच्या चौकातून मुंबई-कोलकाता महामार्ग जातो. पूर्वी त्याचा नंबर सहा होता, आता त्रेपन्न झाला आहे; जुनी माणसं अजून त्याला जी. ई. रोडच म्हणतात. पूर्वेला शिरपूरचा नाका आणि लगेच छत्तीसगड, पश्चिमेला साकोली, भंडारा, नागपूर. या रस्त्यावर भंगाराचे ट्रक चालतात. ताडपत्रीखाली वाकलेल्या सळया, चेपलेले पत्रे, कापलेले पाईप, कधी एखाद्या यंत्राचं दात झिजलेलं चाक. ड्रायव्हर चहाला थांबतात, टायर हाताने ठोकून पाहतात आणि पुढे रायपूरकडे, उरला-सिलतराच्या भट्ट्यांकडे निघून जातात. अशाच एका ट्रकच्या आडोशाला एक मोटारसायकल उभी होती. बजाजची ‘व्ही’. सीटच्या दोन्ही बाजूंना भाजीच्या पाट्या बांधलेल्या. मी टाकीकडे पाहतोय हे तिच्या मालकाच्या लक्षात आलं. चिचगडकडचा माणूस, बाजारासाठी आलेला. टाकीवर हात ठेवून म्हणाला, “हे टाकी लढाईच्या जहाजाची हाये जी.”

खरंच आहे ते. ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका तोडल्यावर तिचं काही लोखंड बजाज कंपनीने विकत घेतलं, वितळवलं आणि २०१६ साली बाजारात आणलेल्या या गाडीच्या टाकीत वापरलं. एका टाकीत त्यातलं किती असेल, कोणास ठाऊक. पण त्या माणसाच्या आवाजात अभिमान होता आणि तो मला फार आवडला. समुद्रापासून इतक्या दूर, भाताच्या बांध्यांच्या आणि मोहाच्या झाडांच्या या मुलखात एका विमानवाहू जहाजाचा अंश वांगी आणि टमाटे वाहतो आहे, ही गोष्ट त्यानंतर कितीतरी दिवस माझ्या मनात घोळत राहिली.

विक्रांतची जन्मकथा पाहिली की हे घोळणं आणखी वाढतं. दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन भरात, १४ ऑक्टोबर १९४३ रोजी, इंग्लंडमध्ये या जहाजाची पायाभरणी झाली. तेव्हा नाव होतं ‘हर्क्युलिस’. सप्टेंबर १९४५ मध्ये ते पाण्यात उतरलं तेव्हा जपान नुकताच शरण गेला होता. ज्या लढाईसाठी बांधायला घेतलं, तीच उरली नव्हती. १९४६ मध्ये काम थांबलं आणि ते अर्धवट धूड दहा-अकरा वर्षं नुसतं पडून राहिलं. १९५७ साली भारताने ते विकत घेतलं, बेलफास्टच्या गोदीत पुरं करून घेतलं आणि ४ मार्च १९६१ रोजी ते आपल्या नौदलात दाखल झालं. म्हणजे आपल्या देशाची पहिली विमानवाहू नौका ही दुसऱ्यांच्या युद्धातून उरलेली वस्तू होती. डिसेंबर १९७१ मध्ये एक बॉयलर नादुरुस्त असताना ती बंगालच्या उपसागरात उभी राहिली आणि तिच्यावरून उडालेल्या सी-हॉक विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगावच्या धावपट्ट्या झोडपल्या. नको झालेल्या वस्तूला असं आयुष्य लाभावं याचं मला मनापासून कौतुक वाटतं. माणसांच्या वाट्यालाही कधीकधी असं येतं: ज्या कामासाठी घडलो ते राहतं बाजूला आणि पुढे वेगळंच काहीतरी समोर उभं ठाकतं.

३१ जानेवारी १९९७ रोजी ती निवृत्त झाली. पुढे काही वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. शाळांच्या सहलींबरोबर हजारो मुलं तिच्या डेकवरून धावली असतील. तिला वाचवायची धडपड झाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. पण २०१४ साली साठेक कोटींना तिचा सौदा झाला आणि मुंबईतल्याच दारुखान्याच्या किनाऱ्यावर तिचे तुकडे पडले. दारुखान्यात कसं काम चालतं ते मी लहानपणी एकदा मामाबरोबर पाहिलं होतं. जहाज दुसरंच होतं, साधं मालवाहू. गॅस कटर हातात घेतलेला माणूस लोखंडाच्या भिंतीसमोर बसलेला, डोळ्यांवर काळा चष्मा, पायात साध्या चपला. निळी ज्योत एका रेघेत सरकत होती आणि तिच्यामागून लालभडक भेग उघडत होती. सगळीकडे जळलेल्या रंगाचा वास. वितळलेल्या ठिणग्या त्याच्या पायांशी सांडत होत्या आणि तो पाय हलवतही नव्हता. विक्रांतवर लढलेल्या नौसैनिकांची नावं आपल्याला शोधता येतात. तिच्यावर शेवटचा हात फिरवणाऱ्यांची नावं कुठे लिहिलेली असतील असं वाटत नाही. मला त्यांचीही हवी होती.

आमच्या घरी हिरव्या पत्र्याची एक पेटी होती. बंदुकीच्या गोळ्यांची. झाकणाला आतून रबराची पट्टी आणि बाजूला असा घट्ट खटका की तो दाबताना आईचा अंगठा पांढरा पडायचा. आजोबांनी ती नागपूरला डिस्पोजलच्या मालात घेतली, एवढंच घरात माहीत होतं. तिच्यावरची पांढरी इंग्रजी अक्षरं हात लागून लागून पुसट झाली होती. गोळ्यांना ओल लागू नये म्हणून कुठल्यातरी कारखान्यात कुणीतरी विचारपूर्वक बसवलेल्या त्या रबरी पट्टीने आमच्या घरचे सातबारे, रजिस्ट्रीचे कागद आणि आजीच्या मृत्यूचा दाखला कित्येक पावसाळे कोरडे ठेवले. इकडचा पाऊस ज्याने अनुभवला आहे त्याला ही मोठी गोष्ट वाटेल. छपराची कवलं गळायची, भिंतींना पोपडे यायचे, धान्याच्या कोठीला वास यायचा. पेटीतला कागद मात्र कोरडाच्या कोरडा. मरणासाठी केलेली इतकी काळजी जगण्याच्याही कामी येते, हे तेव्हा मला कळण्याचं कारण नव्हतं. मला फक्त त्या खटक्याचा आवाज आवडायचा.

१९४५ नंतर असा माल देशभर पसरला. आसाम-बंगालमध्ये अमेरिकनांचे मोठमोठे तळ होते, इंग्रजांचे तर सगळीकडेच. युद्ध थांबलं आणि ट्रक, जीप, तंबू, कांबळी, जनरेटर, तारांची भेंडोळी, रेडिओचे संच, पेट्रोलचे चौकोनी डबे, औषधांच्या पेट्या हे सगळं एकाएकी जास्तीचं झालं. सरकारने डिस्पोजलचं खातंच उभारलं, लिलाव झाले, दलाल तयार झाले. ट्रकांवर लाकडी सांगाडे चढवून त्यांच्या प्रवासी मोटारी झाल्या. पेट्रोलचे डबे पाण्यासाठी गाड्यांना लटकले. सैन्याच्या कांबळ्यांत पोरं निजली. जीप तर आपल्या खेड्यांत अशी रुळली की ती परदेशातून आली होती हे सांगावं लागतं. मुंबईत महिंद्रांनी १९४७ पासून विलीस कंपनीच्या जीपचे सुटे भाग आणून त्या इथे जोडायला सुरुवात केली. तहसीलदाराची जीप, जंगलखात्याची जीप, निवडणुकीत भोंगा लावून धूळ उडवत येणारी जीप, देवरीच्या माझ्या आठवणीत या सगळ्या एकाच रांगेत उभ्या आहेत. युद्धभूमीसाठी आखलेल्या त्या उघड्या, खडखडणाऱ्या गाडीला आमचे जंगलातले रस्ते कधी परके वाटलेच नसतील.

सगळ्याच ठिकाणी असं झालं नाही. पॅसिफिक महासागरात, आजच्या वानुआतूमधल्या एका बेटावर, अमेरिकन सैन्याने जाताना बुलडोझर, ट्रक, क्रेन सरळ समुद्रात ढकलून दिले. घ्यायला कुणी पुरेसे पैसे देईना आणि परत न्यायला परवडेना. त्या जागेला आजही ‘मिलियन डॉलर पॉइंट’ म्हणतात. पाणबुडे तिथे मासे आणि गंजलेली चाकं बघायला उतरतात. आपल्याकडे कानपूरला त्याचंच भावंड घडलं. लिबरेटर नावाची अमेरिकन बनावटीची चार इंजिनांची बॉम्बर विमानं तिथे ओळीने उभी होती. उसनवारीच्या कराराने आलेला माल वापरायचा नसेल तर परत द्यायचा नाहीतर मोडायचा, असा दंडक होता. म्हणून इंग्रजांनी जाण्याआधी ती मोडली. उपकरणं फोडली, इंजिनांत वाळू घातली, धडं चेपून टाकली. फाळणीच्या वाटणीतून जेमतेम उभ्या राहणाऱ्या भारताकडे तेव्हा एकही जड बॉम्बर नव्हता. बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या कारागिरांनी हे भंगार चाचपून पाहिलं. एका विमानाचा पंख, दुसऱ्याचं इंजिन, तिसऱ्याची चाकं असं जमवत ती कानपूरहून बंगळुरूला उडत जाता येईल इतपत जोडली, आणि तिथे नीट दुरुस्त केली. जमशेद मुन्शी नावाचे वैमानिक ती उडवत नेत. नोव्हेंबर १९४८ मध्ये पहिली सहा विमानं हवाई दलाला मिळाली. एकूण चाळीसच्या आसपास उभी राहिली. पुण्याच्या लोहगावला त्यांचा मुक्काम होता, आणि १९६८ संपेपर्यंत ती उडत होती. ज्यांनी ती मोडली त्यांच्या देशातल्या संग्रहालयात आज एक लिबरेटर आहे. ते आपण दिलेलं आहे.

या गोष्टीत मला वाळू जास्त दिसते. कुणीतरी इंजिनाचं तोंड उघडून त्यात फावड्याने वाळू टाकली असेल. आणि पुढे दीड-दोन वर्षांनी दुसऱ्या कुणीतरी ती कणाकणाने, कापडाने, रॉकेलने, नखाने काढली असेल. लढाई आणि तिच्यानंतरचं जगणं यांतलं अंतर त्या वाळूएवढंच असावं. टाकायला एक दुपार पुरते. काढणाऱ्याचे मात्र महिने जातात, आणि त्याचं नाव कारखान्याच्या हजेरीपटाबाहेर कुठे येत नाही.

आमच्या जिल्ह्यात महायुद्धाची सगळ्यात मोठी खूण बिरसीला आहे. गोंदियाजवळच्या या गावात इंग्रजांनी १९४० साली धावपट्टी बांधली. युद्ध गेलं, पट्टी राहिली. बरीच वर्षं ती बांधकाम खात्याकडे होती, मग औद्योगिक महामंडळाकडे, २००५ च्या डिसेंबरात विमानतळ प्राधिकरणाकडे गेली. तिथे वैमानिकांची प्रशिक्षण संस्था उभी राहिली आणि शिकाऊ पोरांची छोटी विमानं धानाच्या शेतांवरून घिरट्या घालू लागली. लहानपणी बैलगाडीतून जाणाऱ्याला तो भुताटकीचा माळ वाटायचा असं तिकडचे वयस्क लोक सांगतात. पुढे तिथून हैदराबादचं विमानही मिळू लागलं. जमीन सपाट करणं, मुरूम दाबणं, पाण्याचा निचरा करणं हे काम एकदा नीट झालं की ते कोणासाठी केलं होतं हे जमीन विचारत नाही. मात्र ज्यांची जमीन होती, ज्यांचं गाव धावपट्टीला चिकटून होतं, ते पिढ्यान्‌पिढ्या विचारत राहतात. दोन्ही खरं आहे.

आमच्या आकाशाची आणखी एक गोष्ट मला फार प्रिय आहे. डाकोटा विमानं युद्धात हिमालय ओलांडून चीनला माल पोचवत होती. युद्धानंतर ती स्वस्तात विकली गेली आणि भारतात एकामागून एक विमान कंपन्या निघाल्या. २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरला पहिले सैनिक उतरले तेही डाकोटांतूनच. त्यानंतर ३० जानेवारी १९४९ रोजी रात्रीची विमान-टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून संध्याकाळी विमानं निघायची, मध्यरात्री नागपूरच्या सोनेगावला एकत्र यायची, तिथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि उजाडायच्या आत ती आपापल्या शहरी परत. त्याच वर्षी एप्रिलपासून साध्या दराचं पत्रही विमानाने जाऊ लागलं. नकाशावर कलकत्ता आणि नागपूर यांच्यामध्ये सुतळी ताणली तर ती आमच्या जिल्ह्यावरून जाते. म्हणजे त्या रात्री, धान राखायला माळ्यावर झोपलेल्या कुणाला तरी डोक्यावरून जाणारा तो घरघराट ऐकू आला असणार. काय समजला असेल तो? चारच वर्षांपूर्वी तसाच आवाज बॉम्बचा होता, निदान भीती तरी तीच होती. आता त्या विमानाच्या पोटात मनीऑर्डरीची कुपनं, लग्नाच्या चिठ्ठ्या, नोकरीचे हुकूम होते. मला वाटतं, एखाद्या यंत्राला याहून चांगलं वार्धक्य मिळणं कठीण.

पण सगळ्याच मालाला वार्धक्य मिळत नाही. दारूगोळ्याला तर नाहीच. भरलेला तोफगोळा, सुरुंग, ग्रेनेड यांतून दुसरं काही बनत नाही. ते न वापरता ठेवले तरी आतली रसायनं म्हातारी होतात, पाझरतात, चिडखोर होतात. वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावला देशातलं सर्वांत मोठं दारूगोळा भांडार आहे. ३१ मे २०१६ रोजी मध्यरात्रीनंतर तिथे आग लागली आणि ती विझवायला धावलेली माणसं गेली. त्यानंतर २० नोव्हेंबर २०१८ च्या सकाळी, भांडाराजवळच्या मैदानावर मुदत संपलेला दारूगोळा नष्ट करायला नेला असताना तो उतरवतानाच स्फोट झाला. सहा जण मेले. त्यांत आजूबाजूच्या गावांतले रोजंदारीवरचे मजूर होते. खड्डे खणायचे, पोती भरायची, पेट्या उतरवायच्या, हे त्यांचं काम. त्यांनी कुठली लढाई लढली नव्हती. जी लढाई कदाचित कधी झालीही नाही, तिच्यासाठी साठवलेल्या गोळ्यांनी ते मारले गेले.

त्या बातमीनंतर मी पुष्कळ दिवस घरच्या हिरव्या पेटीकडे मोकळ्या मनाने पाहू शकलो नाही. पेटी आमच्याकडे आली तेव्हा रिकामी होती. आत जे होतं ते कुठेतरी, कुणाच्या तरी हाताखालून गेलंच असणार. लाओसमध्ये अमेरिकन विमानांनी १९६४ ते १९७३ या काळात वीस लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. तिथल्या एका खेड्यात त्याच बॉम्बच्या धातूपासून लोक चमचे ओततात आणि विकतात. चमचा सुंदर असतो. पण न फुटलेला बॉम्ब शेतात नांगराला लागतो तोही तिथेच. दोन्ही गोष्टी एकाच आकाशातून पडल्या. ज्याच्या हाती चमचा येतो त्याने दुसऱ्याची आठवण ठेवावी असं मला आग्रहाने म्हणावंसं वाटतं, कारण लढाईचं शेवटचं काम नेहमी सर्वांत कमी मजुरी घेणाऱ्याच्या गळ्यात पडतं. दारुखान्यातल्या चपला, पुलगावची पोती, लाओसचा नांगर.

हे सगळं मी देवरीत बसून लिहितो आहे, आणि इथे आमची स्वतःची एक लढाई संपत आली आहे असं लोक सांगतात. तिला कुणी युद्ध म्हणत नाही. पण चिचगडच्या पुढे रात्री गाडी थांबवायची नाही, जंगलात तेंदूपत्त्याला जाताना दोन्हीकडच्या बंदुकांना उत्तर द्यायचं, रस्त्याच्या कामावरची मशीन जळालेली पाहायची, यात एक पिढी म्हातारी झाली. १५ ऑक्टोबर २०२५ ला गडचिरोलीत माओवादी नेता भूपती आणि त्याच्या साठ साथीदारांनी मुख्यमंत्र्यांसमोर हत्यारं ठेवली. नोव्हेंबरच्या अखेरीस गोंदियातही दरेकसा दलम या माओवादी तुकडीच्या लोकांनी तेच केलं. टीव्हीवर ती हत्यारं ओळीने मांडलेली दिसली. एके-४७, इन्सास आणि त्यांच्यासारखीच दुसरी. त्यांतल्या इन्सास सरकारी कारखान्यात बनलेल्या. जंगलात त्या पोचतात त्या बहुधा पोलिसांकडून लुटून, म्हणजे कुणातरी शिपायाच्या मरणानंतर. आता त्या मुद्देमाल म्हणून नोंदल्या जातील, मालखान्यात पडतील, कोर्टाचा हुकूम झाला की काही परत जातील, काही मोडल्या, वितळवल्या जातील. जंगलात जुन्या भरमारही आहेत, लोखंडी नळीच्या, ठासून भरायच्या. एखादीने कधी फक्त रानडुकरं हाकलली असतील. तिला वितळवताना कुणी हे विचारणार नाही.

हत्यारांचं काय करायचं ते कायद्यात लिहिलेलं आहे. बाकीच्याचं नाही. गणुटोला, मगरडोहसारखी पोलिसांची सशस्त्र दूरक्षेत्रं, त्यांच्या भोवतीच्या काटेरी तारा, पोत्यांचे मोर्चे, उंच मचाणं, सौरदिवे, पाण्याच्या टाक्या, सुरुंग झेलणाऱ्या जाड पत्र्याच्या गाड्या. त्याच ठाण्यांतून आता दादालोरा खिडकी चालते. जातीचा दाखला, आधार कार्ड, भरतीचा फॉर्म यांसाठी लोक तारेच्या आत येतात, आणि पूर्वी आत बघायलाही घाबरणारी म्हातारी बाई बाकावर बसून तिच्या नंबराची वाट बघते. मला याचा आनंद आहे. पण त्या बाकासमोरच मोर्चा आहे, आणि त्यात बसलेला पोरगा साताऱ्याकडचा आहे, आणि त्यालाही घरी जायचं आहे.

परवा चिचगडच्या बाजारात यावर बोलणं निघालं. एक जण म्हणाला, ठाणी उठली की त्या इमारतींत दवाखाना टाकावा, रात्री बाळंतीण देवरीला न्यावी लागते. दुसऱ्याचं म्हणणं, इमारत नको, नुसता बोअर आणि सौरपंप गावाला द्या, बाकी काय न्यायचं ते न्या. एक तरणा शिक्षक म्हणाला, वसतिगृह करा, टोल्या-पाड्यांतली पोरं तिथे राहून शिकतील. त्यावर आतापर्यंत गप्प बसलेले एक गोंड काका बोलले. तारा पहिल्यांदा काढा, ते म्हणाले. खोल्यांत काय ठेवायचं ते मग पाहू, त्या तारेच्या आत आमची देवराई आहे, पूजा करायला नाव लिहून जावं लागते. कुणी म्हणालं, आणि जंगलातले ते परत आले तर? काकांनी तंबाखू मळायची थांबवली नाही. दवाखानावाला त्यांच्याकडे वळून पुन्हा पहिल्यापासून सांगू लागला, बाळंतिणीचं, रात्रीचं, रस्त्याचं, आणि सौरपंपवाल्याने मध्येच विचारलं, त्या टाकीत लीटर किती बसते.